मीठ बघायला कुणीतरी हवं

कुमुदचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या कानशिलाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. अंबाजोगाईत बायका पाठीमागे बोलल्या, "आता ह्या वयात कशाला?" कुमुदने ते ऐकलं आणि सोडून दिलं. वडील लवकर गेले, त्यानंतर दोन्ही धाकट्या भावांची शिक्षणं तिने मुलींच्या वसतिगृहातल्या अधीक्षिकेच्या पगारावर केली होती. पुढे आईचं आजारपण काढलं. आई गेली, भाऊ आपापल्या संसाराला लागले, आणि एके दिवशी एका लांबच्या आत्याने दिल्लीकडचं स्थळ आणलं. इंद्रजित मोहिते, केंद्र सरकारी नोकरी, गाझियाबादला वसुंधरा भागात स्वतःचा फ्लॅट. बायको विनया तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. एक मुलगी, नववीत जाणारी.

फोनवर पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा कुमुदने नोकरीचं, घराचं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

इंद्रजित म्हणाला, "ती म्हणते, तुम्हाला हवं तर करा. मला काही प्रॉब्लेम नाही."

कुमुदचं निम्मं आयुष्य त्याच वयाच्या मुलींमध्ये गेलं होतं. 'काही प्रॉब्लेम नाही' ह्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता. तरी ती हो म्हणाली. माणूस सरळ वाटला, आणि मुलीबद्दल त्याने खोटं गोड काही सांगितलं नाही, ते तिला आवडलं.

एप्रिलमध्ये नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि कुमुद गाझियाबादला आली. अक्षया उंच, किडकिडीत, चष्मेवाली. तिने वाकून नमस्कार केला, पाण्याचा ग्लास आणून दिला, बॅग आत ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्यात उद्धटपणा काही नव्हता. एखाद्या चांगल्या हॉटेलातल्या माणसाने पाहुण्याचं करावं तसं तिने सगळं केलं होतं.

रात्री जेवताना कुमुद म्हणाली, "मला मावशी म्हटलंस तरी चालेल गं."

"अच्छा. ठीक आहे," अक्षया म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरलेलं कुमुदला दिसलं. आई म्हणावं लागणार नाही, एवढीच तिला काळजी असावी.

घरातलं स्वयंपाकघर चकचकीत होतं, कारण तिथे कुणी काही शिजवतच नव्हतं. तीन वर्षं बापलेक खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या डब्यावर जगले होते. डबा नकोसा झाला की ब्रेड, मॅगी, नाहीतर बाजारातले मोमो. फडताळात विनयाच्या मसाल्यांच्या बरण्या होत्या तशाच रांगेत उभ्या होत्या. कुमुदने त्या पुसल्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. स्वतःचे डबे तिने खालच्या कप्प्यात लावले.

मे महिना लागला आणि गाझियाबाद तव्यासारखं तापलं. अक्षयाच्या बंद दारामागून कडाकड आवाज यायचा. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे कधी बघावा तर रिकामा. कुमुदला वाटलं, उन्हाळा आहे, पोरगी थंड पाणी करून पीत असेल. मग एकदा अक्षया अभ्यास करता करता वाटीतले बर्फाचे खडे शेंगदाण्यासारखे चावताना दिसली, एकामागून एक, पुस्तकातून नजर न काढता.

त्याच आठवड्यात वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि दोघी भाजी घेऊन जिन्याने वर निघाल्या. अक्षयाच्या हातात फक्त कोथिंबिरीची जुडी होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठडा धरून उभी राहिली. धाप लागली होती आणि ओठांना रंग नव्हता.

"काय होतंय?"

"काही नाही. गर्मी."

कुमुदला वसतिगृहातली एक मुलगी आठवली. ती पाटीवरची पेन्सिल खायची, मग भिंतीचा पोपडा खाताना सापडली. सगळे तिला रागवत होते, आणि शेवटी निघालं काय, तर तिच्या अंगात रक्तच नव्हतं.

संध्याकाळी इंद्रजित बूट काढत होता तेवढ्यात कुमुद म्हणाली, "अहो, हिला डॉक्टरकडे नेऊया."

"वाढतं वय आहे गं. अभ्यासाचं टेन्शन, त्यात हे ऊन."

"ते असेलच. पण रक्त तपासून घेऊ. बघायला काय जातंय?"

इंद्रजितने नाइलाजाने होकार दिला. डॉक्टर म्हटलं की तो टाळाटाळ करायचा, हे कुमुदला पुढे हळूहळू कळलं. विनयाच्या आजारात त्याने दवाखान्यांचे इतके बाक झिजवले होते की आता घरात कुणी शिंकलं तरी तो दुसऱ्या खोलीत जायचा.

जवळच्याच वसाहतीत डॉक्टर चंद्रप्रभा त्यागी ह्यांचा दवाखाना होता. बाई साठीच्या, बोलायला फटकळ, पण हात मऊ. रक्त तपासून झालं. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास घुटमळत होतं.

"बेटा, बर्फ चबाती हो?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्षया दचकली. "आपको कैसे पता?"

"खून कम हो तो बहुतों को ये आदत लगती है." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि इंद्रजितकडे वळल्या. "गोली अपना काम करेगी, पर थाली भी ठीक करो. चना, हरी सब्ज़ी, गुड़, तिल, ऊपर से नींबू. अंडा खाते हो? कलेजी खाते हो तो हफ़्ते में एक बार कलेजी."

"पहले घर में बनती थी," इंद्रजित म्हणाला.

खाली मान घालून बसलेल्या अक्षयाने पहिल्यांदा वर बघितलं. "मम्मी बनाती थी."

कुमुदने ते ऐकलं, पण त्या दिवशी त्याच्याकडे कानाडोळा केला. ती माळकऱ्याच्या घरातली. तिच्या वडिलांच्या ताटाजवळून कधी अंडंसुद्धा गेलं नव्हतं. लग्नाआधीच तिने इंद्रजितला स्पष्ट सांगितलं होतं, तुम्ही दोघं बाहेर काय हवं ते खा, मला काही वाटणार नाही, पण माझ्या हातून ते व्हायचं नाही. त्यानेही ते मान्य केलं होतं.

तेव्हा कुमुदने आपल्याला येत होतं त्यावर जोर लावला. साप्ताहिक बाजारातून जाड लोखंडी कढई आणली आणि तेल लावून, तापवून ती काळीभोर केली. मटकीला मोड आणले. हरभऱ्याची उसळ, मेथीचं पिठलं, तिळकूट लावलेली बाजरीची भाकरी. वाण्याकडे अळीव मागितले तर तो बघतच राहिला. मग कुमुदने हाताच्या खुणा करून, बाळंतिणीला देतात ते, असं सांगितल्यावर म्हणाला, "अच्छा, हालिम!" त्यांचे गूळखोबरं घालून लाडू वळले. रोज एक लाडू अक्षयाच्या डब्याबरोबर जायला लागला.

ताटातलं मात्र तसंच परत यायचं. अक्षया कधी 'नको' म्हणायची नाही. ती भाकरीचे तुकडे करायची, ते ताटभर पसरायची, आणि "पोट भरलं, मावशी" म्हणून उठायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं, त्याची आणखी भर. कुमुद उरलेलं स्वतःच्या ताटात घ्यायची आणि ओट्याशीच उभ्याने खाऊन टाकायची.

एका रविवारी ती अक्षयाच्या खोलीत चादर बदलत होती. टेबलाचा खालचा खण अर्धवट उघडा होता, आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. आत प्लास्टिकचा मोठा डबा. डब्यात अळिवाचे लाडू, नीट रचून ठेवलेले, जवळजवळ सगळेच.

अक्षया दारात येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरला होता.

"सॉरी, मावशी. टाकवत नव्हते."

"आणि खाववत नव्हते."

"त्यांची चव... ते चिकट चिकट लागतं."

कुमुदने डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. रागवावं असं तिच्या मनात होतं, पण त्या नीट रचलेल्या लाडवांनी तिचा राग कुठल्या कुठे नेला. अन्न टाकायचं नाही, हे कुणीतरी ह्या पोरीला शिकवून ठेवलं होतं. "मग सांगायचंस ना गं बाई," ती म्हणाली. "मी आपली वळतेय वळतेय. मुंग्यांना बाळंतपण मानवलं बघ."

अक्षयाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू होतं की काय, कुमुदला नक्की कळलं नाही.

त्या रात्री कुमुदने मनाशी बराच वाद घातला. माळ तिच्या गळ्यात नव्हती, पण हातांनी ती पाळली होती. ते हात मांसाला लावायचे म्हणजे वडिलांच्या तसबिरीकडे कुठल्या तोंडाने बघायचं? आणि नाही लावायचे, तर मग ही उपाशी पोर? वडील जिवंत असते तर काय म्हणाले असते, ह्याचा तिने विचार करून बघितला. ते विठ्ठलाचं नाव घेत आणि दारात आलेल्याला आधी जेवायला घालत. कुणाच्या पानात काय पडलं, हे त्यांनी कधी वाकून बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ओढणी डोक्यावरून घेऊन ती बाजारामागच्या मटणाच्या दुकानांकडे गेली. सगळी दुकानं बंद. मंगळवार होता, इकडे त्या दिवशी मटण विकत नाहीत. कुमुदला इतकं हायसं वाटलं की तिने परतीच्या वाटेवर उसाचा रस प्यायला. पण बुधवारी ती पुन्हा गेली.

दुकानाबाहेर ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. आतला म्हातारा दुकानदार गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "बहनजी, पता पूछना है?"

"नहीं. कलेजी चाहिए. बच्ची के लिए." आणि मग उगाचच, "हम नहीं खाते."

त्याने दुसरा काही प्रश्न केला नाही. कलेजी साफ करून, लहान तुकडे करून, दोन पिशव्यांत बांधून दिली. "धोकर हल्दी लगा देना. ज़्यादा मत पकाना, रबड़ हो जाएगी," तो म्हणाला. कुमुद पिशवी हातभर लांब धरून घरी आली. वाटेत तिने वेगळी कढई, वेगळा चमचा आणि वेगळी सुरी घेतली होती.

मोबाइलवर कृती लावून ती कामाला लागली. पहिल्यांदा हात लागला तेव्हा अंगावर काटा आला. मग ती त्याला मुलीचं औषध म्हणू लागली आणि काटा थोडा कमी झाला. कांदा परतला, आलं-लसूण घातलं, हळद, तिखट घातलं. आणि मिठाची वेळ आली तशी कुमुद अडली. आजवर तिचा हात मिठात चुकला नव्हता. पण ह्या पदार्थाचा अंदाजच तिच्या हाताला नव्हता. चाखून बघावं म्हणून तिने चमचा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि खाली ठेवला. तेवढं काही तिच्याच्याने होईना.

"अक्षया! जरा इकडे ये गं. मीठ बघ."

अक्षया पेन हातात घेऊनच आली. दारातच तिची पावलं थांबली. तिने वास घेतला, कढईत बघितलं, मग कुमुदच्या नाकावर बांधलेल्या ओढणीकडे बघितलं.

"तुम्ही... कलेजी केलीत?"

"केली नाही अजून. चाललंय. आधी चव बघ, मग बोल."

अक्षयाने फुंकर मारून एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिली. कुमुद तिच्या तोंडाकडे बघत होती. वसतिगृहातल्या मुलींच्या निकालाच्या दिवशीही तिचा जीव एवढा टांगणीला लागला नसेल.

"मीठ कमी आहे," अक्षया म्हणाली. मग चाचरत, "आणि आई ह्यात खोबरं भाजून घालायची. आणि मसाला काळा असायचा. हा लाल आहे."

"कुठला मसाला? दाखव."

अक्षयाने फडताळातली वरची बरणी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, दोघींनी मिळून ते फिरवलं. अक्षयाने बरणीला नाक लावलं आणि तशीच राहिली. पुन्हा वास घेतला. मग बरणी कुमुदपुढे धरली.

"मावशी, ह्याला वास नाही."

तीन वर्षांत मसाल्याचा जीव गेला होता. अक्षयाचा चेहरा पडला. पोरीने ती बरणी इतके दिवस उघडली नव्हती, ती ह्याच भीतीने की काय कोण जाणे. कुमुदने तिच्या पाठीवर हात ठेवला. अक्षया सरकली नाही.

"वास गेला असेल, तुझ्या नाकातून गेलाय का?" कुमुद म्हणाली.

अक्षयाने मान हलवून नाही म्हटलं. गालावरून पाणी ओघळत होतं.

"मग आपण नवा करू. मी भाजत जाते, तू वास घेऊन सांग. धने जास्त, की मिरे जास्त, की काय. तुझ्या आईचा मसाला तुझ्याशिवाय कोण ओळखणार?"

त्या दिवशी कलेजी लाल मसाल्यातच झाली, थोडी रबरासारखीही झाली. पण अक्षयाने लिंबू पिळून, दोन पोळ्यांबरोबर ती सगळी संपवली. इंद्रजित घरी आला तो दारातच थबकला. तीन वर्षांनी त्याच्या घराला तो वास आला होता. तो हात धुवून ताटावर बसला आणि कढईत काहीच उरलेलं नाही हे कळल्यावर म्हणाला, "मला कुणी विचारायची पद्धत नाही का ह्या घरात?"

"डॉक्टरांनी तुम्हाला नाही सांगितली," कुमुद म्हणाली, आणि अक्षया खळखळून हसली.

मसाल्याला पुढचे कित्येक रविवार गेले. दगडफूल म्हणजे काय, हे दुकानदाराला समजावण्यात एक सबंध सकाळ गेली. कधी लवंग पुढे यायची, कधी खोबरं जास्त भाजलं जायचं. अक्षया ओट्यावर बसून वाटीत नाक खुपसायची आणि निकाल द्यायची. "बिल्कुल नाही." "जवळ आलंय." "ह्यात काहीतरी जळलंय, यार." यार म्हटल्यावर तिने जीभ चावली, पण कुमुदने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुबेहूब तसा मसाला शेवटपर्यंत झाला नाही. पण एका रविवारी अक्षया म्हणाली, "हा आईचा नाही. पण हा राहू दे, हा मस्त आहे." आणि तो मसाला विनयाच्या, धुवून रिकाम्या केलेल्या बरणीत भरला गेला.

ओट्याजवळ येण्याची तिला अशी सवय लागली की मग दर बुधवारच्या कलेजीची वाट बघायची गरज उरली नाही. उसळ शिजत असली तरी ती चव बघायला यायची, आणि चव बघता बघता अर्धी वाटी रिचवायची. अळीव तिने लाडवात कधी खाल्ले नाहीत, पण खिरीत घातलेले तिला चालायला लागले. मेथी पिठल्यात चालायची, नुसती भाजी केली तर नाही. गोळी डॉक्टरांना विचारून जेवणानंतरची केली आणि मळमळ थांबली. दिवाळीच्या सुमाराला कुमुदने पाहुण्यांसाठी फ्रीज उघडला तर बर्फाचा ट्रे काठोकाठ भरलेला. फ्रीजचं दार तिने जरा जास्त वेळ उघडं ठेवलं.

थंडी पडली. सकाळी धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. भाजी आणायचं काम आता इंद्रजितने स्वतःकडे घेतलं होतं, ऑफिसातून येताना मेट्रो स्टेशनाबाहेरून घेऊन यायचा. कुमुदला अलीकडे बाहेर पडवत नव्हतं. पायात गोळे यायचे, दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिने ते थंडीवर ढकललं. महिन्याच्या त्रासाने गेलं वर्षभर तिची दशा केली होती, पण ह्या वयात असं चालायचंच, म्हणून तिने ते कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

डिसेंबरात अक्षयाचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. दोघी डॉक्टर त्यागींकडे गेल्या. अक्षयाचा आकडा चांगलाच वर चढला होता. डॉक्टर खूश झाल्या. तेवढ्यात अक्षया म्हणाली, "मावशी, तुम्हीपण करा ना."

"मला काय धाड भरलीये?"

"चलो ना. एक सुई तर आहे. मी कितीदा टोचून घेतलं!"

तिला हसू आणि उत्साह आवरत नव्हता, म्हणून कुमुदने हात पुढे केला. संध्याकाळी रिपोर्टसाठी दवाखान्यातून फोन आला की दोघींनी या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सकाळची खुशी नव्हती. कुमुदचा आकडा सहाच्या थोडा वर होता.

"आप चल कैसे रही हैं?" डॉक्टर म्हणाल्या. "खाती क्या हैं आप?"

"सब खाती हूँ, घर का..." कुमुद सांगायला लागली.

"खोटं!" अक्षया मराठीतच ओरडली, मग डॉक्टरांकडे वळून हिंदीत सांगायला लागली. "ये हमारे बाद खाती हैं. जो बचता है वो. और मैं सब खा जाती हूँ तो बचता ही नहीं. फिर रोटी चाय में डुबोकर खाती हैं. खड़े खड़े." हे सगळं ती रोज बघत होती आणि त्याचा अर्थ तिला आता, ह्या खुर्चीत बसून कळत होता. ती कुमुदकडे वळली. "तू का नाही सांगितलंस? माझ्यासाठी मटणाच्या दुकानात गेलीस, आणि स्वतः चहा-पोळी?"

तू. प्रश्नाआधी कुमुदला तो शब्द ऐकू आला.

डॉक्टरांनी हळूहळू सगळं काढून घेतलं, महिन्याचा त्रासही. दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं, औषधाने आटोक्यात येणारं होतं. शिरेतून लोहाचं औषध द्यावं लागलं आणि चार-आठ दिवस पूर्ण आराम सांगितला. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, तो अंगाला लागायचं ते लागू देत नाही, अशी ताकीद मिळाली. त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर इंद्रजित बसला होता. दुसऱ्या खोलीत कुठेही गेला नाही. सलाइन चालू असताना तो कुमुदचा हात धरून बसला आणि एवढंच म्हणाला, "मला सांगत जा. मी घाबरतो, पण सांगत जा."

घराचा कारभार अक्षयाने हातात घेतला. सुट्ट्या लागल्या होत्या. सकाळी ती कुमुदच्या पलंगाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, तुला काय आवडतं?"

कुमुदने विचार केला. घरात कुणाला काय आवडतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. स्वतःचं काही चटकन आठवेना. "चाकवत," ती शेवटी म्हणाली. "ताकातली पातळ भाजी. डाळ, दाणे घालून. आमच्याकडे थंडीत व्हायची."

"चाकवत म्हणजे?"

"पालेभाजी गं. मऊ असते, पानांवर पिठी असते पांढरी."

अक्षया स्वेटर चढवून बाजारात गेली आणि तासाभराने दोन्ही हातांत मावेना असं एक हिरवंपिवळं फळ घेऊन आली. "मी चाकवत, चाकवत म्हणत होते. भैयाने हे दिलं. चकोतरा म्हणतात. ह्याची भाजी करतात?"

कुमुद इतकी हसली की तिला उशीला टेकावं लागलं. ते पपनस होतं. दोघींनी ते सोलून मीठ-साखर लावून खाल्लं. मग अक्षयाने मोबाइल काढला, शोधाशोध केली आणि एकदम किंचाळली. "मावशी! अगं, हे तर बथुआ! हे तर सगळीकडे आहे! शाळेत सगळ्यांच्या डब्यात पराठे असतात ह्याचे!"

कुमुद काही म्हणायच्या आत तीच पुढे म्हणाली, "बाबा रोज त्या स्टेशनाबाहेरून येतो ना? तिथे ढीग असतात ह्याचे!" ती पुन्हा बाहेर पळालीसुद्धा.

संध्याकाळी भाजी झाली. कुमुद पलंगावरून ओरडून सांगत होती आणि अक्षया स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती. डाळीचं पीठ ताकाला लावून मग घाल, हे सांगायच्या आधीच ताक कढईत पडलं होतं, त्यामुळे भाजी फाटली. ताक एकीकडे, पाला एकीकडे. अक्षया रडकुंडीला आली.

"आण इकडे," कुमुद म्हणाली. "फाटली तर फाटली."

अक्षयाने टेबलावर तीन ताटं मांडली. पहिलं कुमुदचं वाढलं आणि ती जेवायला लागेपर्यंत स्वतः बसली नाही. कुमुदने भाकरीचा तुकडा त्या फाटलेल्या भाजीत बुडवला. अंबाजोगाईच्या भाजीशी तिचं काही नातं नव्हतं. तिने दोनदा मागून घेतली. इंद्रजितने एक घास खाल्ला, मुलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा गप्प जेवला.

फेब्रुवारीत शाळेचे खेळ होते. अक्षयाने चारशे मीटर धावायला नाव दिलं होतं. कुमुद आणि इंद्रजित मैदानाच्या कडेला, कोवळ्या उन्हात, पालकांच्या गर्दीत उभे होते. कुमुदच्या अंगात आता इतकी ताकद आली होती की ती पहिल्या वळणापासून ओरडत होती. "पळ गं! पळ!" आजूबाजूचे लोक वळून बघत होते. अक्षया चौथी आली. पदक तिसरीपर्यंतच होतं.

ती लालबुंद होऊन, घामाने निथळत कुंपणापाशी आली. चौथ्या नंबराचं तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"भूक लागलीये, मावशी. जाम भूक लागलीये. काय आणलंयस?"

कुमुदने डबा उघडला. बाजरीचे तिळाचे वडे होते, हरभऱ्याची कोरडी उसळ होती, वर लिंबाची फोड. तिघं तिथेच गवतावर बसले. अक्षयाने पहिला वडा कुमुदच्या हातात दिला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात कोंबला.